‘काकू, फोन मुळापासून साफ करून देतो’

भिशीचे साठ हजार माझ्या खात्यात होते. बारा जणी, प्रत्येकीचे पाच हजार. आमच्या ठाण्याच्या नौपाड्यातली ही भिशी नऊ वर्षं चालू आहे आणि पैसे गोळा करून ठेवायचं काम पहिल्यापासून माझ्याकडे. आजवर त्यातला एक रुपया इकडचा तिकडे झाला नव्हता. गेल्या गणपतीत एका रात्रीत ते सगळे गेले, वर माझेही जवळजवळ पंधरा हजार गेले. आणि हे सगळं सुरू झालं फोनमधलं एक नको असलेलं ॲप काढण्यापासून. म्हणून काहीही न लपवता लिहिते आहे.

दोन-तीन आठवडे फोनवर जाहिराती यायला लागल्या होत्या. यूट्यूबवर येतात तशा नव्हेत. फोन नुसता उघडला की अख्ख्या स्क्रीनवर रमीची नाहीतर झटपट कर्जाची जाहिरात, आणि बंद करायची फुली इतकी बारीक की बोट हमखास जाहिरातीवरच पडायचं. चतुर्थीला पूजेच्या वेळी अथर्वशीर्ष लावून फोन पाटाशेजारी ठेवला होता, तर मधेच कर्जाची जाहिरात मोठ्याने बोलायला लागली. गुरुजी थांबले. त्या दिवशी ठरवलं की आता हे काढायचंच.

काय करायचं ते थोडंफार माहीत होतं. चिन्हावर बोट दाबून धरायचं आणि ‘अनइन्स्टॉल’ करायचं. तशी चार-पाच जुनी ॲप्स मी काढलीही. जाहिराती तशाच. मग मी गूगलवर आमच्या फोनच्या कंपनीचं नाव आणि पुढे ‘कस्टमर केअर नंबर’ असं टाकलं. सगळ्यात वर जो नंबर आला तो लावला. तो त्या कंपनीचा नव्हताच. चोरांनी तिथे आपला नंबर आणून ठेवला होता. खरा नंबर फोनच्या खोक्यावर आणि वॉरंटीच्या कागदावर छापलेला होता, आणि ते खोकं माझ्याच कपाटात होतं.

फोनवर आलेला मुलगा स्वच्छ मराठीत बोलला. पहिल्यांदा ‘मॅडम’, मग ‘काकू’. गणपती कसे आहेत, किती दिवसांचे, सगळं विचारलं. आणि आधी त्याने मला खरोखरच मदत केली. फसवणारा माणूस सुरुवातीलाच काहीतरी उलटसुलट करायला सांगेल अशी आपली कल्पना असते, म्हणून हे मुद्दाम सांगते. त्याने सांगितलं, “काकू, पुढची जाहिरात आली की ती बंद करू नका. खालचं रिसेंटचं बटण दाबा, म्हणजे कुठल्या ॲपची आहे ते दिसेल.” तसं केलं. एका क्यूआर स्कॅनरचं नाव दिसलं. ते मीच कधीतरी घेतलं होतं आणि त्याने आपलं चिन्हच लपवून ठेवलं होतं, म्हणून मला सापडत नव्हतं. सेटिंग्जमध्ये ‘ॲप्स’, तिथे सगळ्या ॲप्सची यादी, त्यात हा स्कॅनर, ‘फोर्स स्टॉप’ आणि मग ‘अनइन्स्टॉल’. दोन मिनिटांत जाहिराती थांबल्या.

फोन तिथेच ठेवला असता तर हे लिहायची वेळ आली नसती. माझं काम झालेलं होतं.

पण तो म्हणाला, “काकू, वरचं निघालं, मूळ आत आहे. मुळापासून साफ करून देतो, नाहीतर आठ दिवसांत परत येईल.” मला ते पटलं. झुरळांचं औषध मारणारेही असंच सांगतात, दुसरा हात मारावाच लागतो. त्याने व्हॉट्सॲपवर एक फाइल पाठवली. नाव ‘सिक्युरिटी क्लीनर’, शेवटी टिंब आणि एपीके, म्हणजे प्ले स्टोअरला वगळून ॲप बसवायची फाइल. दाबल्यावर फोनने स्वतःच अडवलं, की या ठिकाणाहून ॲप घ्यायची परवानगी नाही. तो म्हणाला, सेटिंग उघडा आणि चालू करा. मग गूगलच्या प्ले प्रोटेक्टने, म्हणजे फोनमधल्या राखणदाराने, लाल खूण दाखवून हे ॲप धोकादायक आहे असं सांगितलं. तो म्हणाला, “गूगल कुठल्याही बाहेरच्या ॲपला असंच म्हणतं, ते बंद करून टाका.” मी बंद केलं. फोन दोनदा नको म्हणत होता आणि दोन्ही वेळा मीच त्याला गप्प केलं.

मग परवानग्या. एसएमएस वाचायची, ॲक्सेसिबिलिटीची (म्हणजे स्क्रीनवरचं वाचून आपल्या जागी बटणं दाबायची), आणखी कसली कसली. प्रत्येक वेळी ‘अलाउ’. हिरवं चक्र फिरलं, ‘१४ व्हायरस सापडले’ असं आलं, मग ‘काढले’ असं आलं. शेवटी दहा रुपये सर्व्हिस चार्ज भरायला एक फॉर्म उघडला. त्यात डेबिट कार्डाचा नंबर, मुदत, मागचे तीन आकडे आणि एटीएमचा पिनसुद्धा विचारला होता. दहा रुपयांसाठी पिन कशाला, हा प्रश्न माझ्या मनात आला होता. पण इतका वेळ माझ्यासाठी बसलेल्या मुलाला तो विचारायला संकोच वाटला. मी भरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जांभळी नाक्याला गेले. संध्याकाळी गौरी यायच्या होत्या. पत्री, केवडा, पाच फळं, तेरड्याच्या जुड्या, सगळं मिळून सहाशे चाळीस रुपये झाले. नेहमीच्या फूलवाल्या मावशींचा कोड स्कॅन केला. पैसे गेले नाहीत. परत केला. मावशींच्या टोपलीशेजारचा तो छोटा स्पीकर, जो एरवी ‘रुपये प्राप्त झाले’ म्हणतो, तो काही बोलेना. मागे बायका खोळंबल्या होत्या. मावशी म्हणाल्या, “राहू द्या ताई, नंतर द्या, गौरींना उशीर नको.” आणि केवडा पिशवीत घातला. तिथेच बाजूला उभी राहून मी खात्यात किती आहेत ते पाहिलं. आदल्या दिवशी ७५,४१२ होते. आता ४१५.

यापुढची चूक पहिलीपेक्षा मोठी. मी त्याच मुलाला फोन लावला. त्याच्याशिवाय दुसरं कोणी सुचलंच नाही. तो जराही गडबडला नाही. म्हणाला, “काकू, सर्व्हरचा प्रॉब्लेम आहे, चार तासांत पैसे परत दिसतील. तोवर बँकेला फोन करू नका, खातं लॉक होईल. फोन बंद ठेवा.” मी फोन बंद ठेवला. घरी येऊन पुरण वाटलं, गौरींची तयारी केली, ह्यांना काही सांगितलं नाही. सव्वाचार वाजता कळव्याहून माझी भाची आली. तिने चेहरा बघूनच विचारलं, “मावशी, काय झालं?” तेव्हा रडू फुटलं.

तिने पाच मिनिटंही वाया घालवली नाहीत. माझा फोन चालू केला आणि लगेच एअरप्लेन मोडवर टाकला. तिच्या फोनवरून आधी बँकेला सांगून कार्ड बंद केलं, मग १९३० लावला. ऑनलाइन पैशांच्या फसवणुकीसाठीची ही देशभराची हेल्पलाइन आहे. तिथे व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम आणि खात्याचा तपशील विचारतात, मग तक्रारीचा क्रमांक देतात. पुढची माहिती सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर भरायची. तक्रार गेली की पैसे ज्या ज्या खात्यांत फिरलेत त्या बँकांना कळवलं जातं, आणि जे अजून कुठल्या खात्यात पडून असेल ते तिथेच अडवता येतं. पडून असेल तरच. म्हणून माझे ते दुपारचे चार-पाच तास मला अजून झोपू देत नाहीत.

बँकेच्या विवरणपत्रात तीन व्यवहार होते. रात्री ११:४६, ११:५१ आणि १२:०४. प्रत्येकी २४,९९९ रुपये. माझ्या कार्डाला दिवसाला पन्नास हजारांची मर्यादा, म्हणून दोन बाराच्या आधी आणि तिसरा तारीख बदलल्यावर. आणि माझ्या फोनवर त्या रात्रीचा एकही मेसेज नव्हता. ओटीपी आले होते, पैसे गेल्याचे मेसेजही आले होते, पण त्या ‘क्लीनर’ने ते वाचून पुढे पाठवले आणि इथून पुसून टाकले. मी शेजारी झोपले होते, फोन उशीशी चार्जिंगला होता.

ते ॲप काढायला भाचीला तासभर लागला. यादीत ‘सिक्युरिटी क्लीनर’ नव्हतंच. त्या जागी दातेरी चक्राचं चिन्ह आणि ‘सिस्टीम अपडेट’ असं नाव. ‘अनइन्स्टॉल’चं बटण फिकट, दाबलं जाईना. परवानगी काढायला गेलं की ते पान आपोआप बंद व्हायचं. तिने फोन सेफ मोडमध्ये चालू केला, त्यात आपण बाहेरून घेतलेली ॲप्स चालत नाहीत. आमच्या फोनवर त्यासाठी पॉवरचं बटण दाबून आलेल्या ‘पॉवर ऑफ’वर बोट दाबून धरावं लागतं. मग सिक्युरिटीत ‘डिव्हाइस ॲडमिन ॲप्स’ (फोनवर खास अधिकार दिलेल्या ॲप्सची यादी) शोधून त्यातून या ‘सिस्टीम अपडेट’चा अधिकार काढला, ॲक्सेसिबिलिटीतून काढला, तेव्हा कुठे अनइन्स्टॉलचं बटण उजळलं. विवरणपत्रं आणि व्हॉट्सॲपचे फोटो तिने तक्रारीसाठी आधीच स्वतःच्या फोनने काढून ठेवले होते. मगच फोन पूर्ण रीसेट केला. पासवर्ड तिच्या फोनवरून बदलले, माझ्या नाही.

तुमच्या फोनमध्ये आज बघाच: ‘डिव्हाइस ॲडमिन ॲप्स’मध्ये कोण आहे, ॲक्सेसिबिलिटीत कुणाला परवानगी आहे, आणि ‘इन्स्टॉल अननोन ॲप्स’मध्ये व्हॉट्सॲपला मुभा आहे का. व्हॉट्सॲपला ती कधीच लागत नाही. कंपनीने आधीपासून घातलेली काही ॲप्स निघत नाहीत, त्यातली बरीच ‘डिसेबल’ करता येतात, त्यासाठी कुणाचं क्लीनर लागत नाही. आणि ज्या ॲपच्या वर्गणीचे पैसे कापले जात आहेत, ते नुसतं काढून वर्गणी थांबत नाही. प्ले स्टोअरच्या सबस्क्रिप्शनमध्ये जाऊन ती वेगळी रद्द करावी लागते. हे मला याच गडबडीत कळलं. एका भजनांच्या ॲपचे दरमहा एकोणपन्नास रुपये वर्षभर जात होते.

बँकेतल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं, पण उत्तर सरळ दिलं. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात तेव्हा काय होतं ते त्यांनी सांगितलं. बाहेरच्या कुणी, आपली काही चूक नसताना पैसे काढले आणि आपण तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान आपल्यावर येत नाही. कार्डाची माहिती आपणच दिली असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. मी माहिती दिली होती. तरी मी लेखी तक्रार देऊन पोच घेतली. तुम्हीही घ्या, कारण पुढे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं तर तो कागद लागतो.

दोन व्यवहारांचे पैसे दुपारपर्यंत एटीएममधून काढून झाले होते. तिसरे २४,९९९ एका खात्यात अडकले आहेत. ते सुटायला न्यायालयाचा आदेश लागेल असं तेव्हा सांगितलं, त्यासाठी अर्ज केला आहे.

गौरी गेल्यावर रविवारी भिशीच्या सगळ्या जणी माझ्याकडे जमल्या. मी चहा ठेवायच्या आधी सगळं सांगितलं. ह्यांची एक ठेव मोडून साठ हजार रोख टेबलावर ठेवले होते, ते कुणीच हातात घेईना. तेवढ्यात आमच्यातली एक, जी बँकेतून निवृत्त झाली आहे आणि आम्हा सगळ्यांना फॉर्म भरून देते, तिने पर्समधून फोन काढला. हळूच म्हणाली, “अगं, मला परवा गाडीच्या चलानाची अशीच एक फाइल आली होती. मी दाबली. काही उघडलं नाही, म्हणून सोडून दिलं.”

मी तिच्या हातातून फोन घेतला आणि आधी एअरप्लेन मोडवर टाकला. मग सेटिंग्ज, ॲप्स. यादीत खाली खाली जात राहिले. सगळ्या जणी माझ्या खांद्यावरून बघत होत्या. दातेरी चक्र तिथेही होतं.