डोंगरउतारावरचं घर आणि वणवा: पंप, पट्टा, छप्पर की धूर न शिरणारी खोली?

फेब्रुवारी लागला आणि सड्यावरचं, म्हणजे कातळाच्या माळावरचं, गवत वाळून पिवळं झालं की आमच्याकडे कोकणात संध्याकाळी सगळ्यांची नजर आपसूक डोंगराकडे जाते. धूर दिसला की मुंबई-पुण्याहून फोन सुरू होतात. घरी आई-वडील दोघंच, आंब्याच्या कलमांना नुकती कणी धरलेली, आणि मुलगा तिकडून विचारतो, "चाळीस-पन्नास हजार घालायची तयारी आहे. पंप घेऊ, छप्पर बदलू, की हवा शुद्ध करायचं यंत्र घेऊ?" गेल्या दोन वर्षांत हा प्रश्न मला इतक्यांनी विचारला, की एकदा सगळं शेजारी-शेजारी मांडून लिहायचं ठरवलं.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण बाकीचे सगळे निर्णय तिच्यावर आहेत. सह्याद्रीतला आणि कोकणातला वणवा बहुतेक वेळा जमिनीवरचा असतो. गवत, पातेरा, वाळकी झुडपं जळतात, आणि आग एका जागी मिनिट-दोन मिनिटं थांबून पुढे सरकते. जांभ्याच्या भिंतीला तेवढ्यानं काही होत नाही. अमेरिकेच्या वनखात्यातले संशोधक जॅक कोहेन यांनी कॅनडात भर जंगलातल्या, झाडांच्या शेंड्यांवरून धावणाऱ्या आगीसमोर लाकडी भिंती उभ्या करून पाहिल्या. 10 मीटरवरच्या काही पेटल्या, 20 आणि 30 मीटरवरच्या पेटल्या नाहीत. मग घरं जळतात कशानं? वाऱ्यावर उडून येणाऱ्या निखाऱ्यांनी, आणि घराला टेकून ठेवलेल्या सुक्या मालानं.

हे मी स्वतः पाहिलंय. तीन वर्षांपूर्वी वणवा आमच्या गडग्याला, म्हणजे आवाराच्या दगडी कुंपणाला, येऊन थांबला. वाडीतल्या सगळ्यांनी टहाळ्यांनी झोडपून तो विझवला, चहा झाला, माणसं घरी गेली. सात वाजता मी खळ्यात पाणी शिंपडायला आलो तर मांडवावरच्या झापांतून (माडाच्या विणलेल्या झावळ्यांतून) अगरबत्तीसारखी धुराची बारीक रेघ वर जात होती. झापाच्या घडीत बोराएवढा निखारा रुतला होता आणि भोवती तळहाताएवढं वर्तुळ लालसर धुमसत होतं. मांडवापासून पडवीच्या वाशापर्यंत हातभर अंतर. पडवीत आंबे पिकत घालायच्या अढीसाठी आणलेला पेंढा. आग मला दिसली ती केवळ तिन्हीसांजेच्या अंधारामुळे.

म्हणून पैशाचा विचार करण्याआधी, एक रुपयाही न लागणारं काम: भिंतीपासून चार-पाच हातांत जळेल असं काही ठेवायचं नाही. आपली पंचाईत अशी की वणव्याचे दिवस आणि घराभोवती सुका माल साठायचे दिवस एकच. मांडव उन्हाळ्यातला, अढीचा पेंढा मार्च ते मेचा, लाकडं आणि शेणी पावसाळ्याच्या बेगमीच्या, काजूची टरफलं त्याच हंगामातली. टरफलांत तेल असतं, ती भडकून जळतात आणि त्यांचा धूर घशाला झोंबतो. हे सगळं घरापासून लांब हलवा. मांडव हवाच असेल तर यंदा झापांऐवजी पत्र्याचा घाला. हिरवी शेडनेट झापांपेक्षा बरी असं अनेकांना वाटतं, पण ती प्लास्टिकची असते, वितळून ठिबकते. पेंढ्याची उडवी गोठ्याला लागून असेल तर ती सगळ्यात आधी हलवायला हवी.

पट्टा: कापून, जाळून की चरवून?

पट्टा म्हणजे घराभोवती गवत-पातेरा काढून मोकळी केलेली जागा, जिथे आगीला जळायला काही मिळत नाही. चाळीस-पन्नास हजारांतला मोठा वाटा इथे घाला असं मी स्पष्ट सांगेन. रत्नागिरी-सिंधुदुर्गात जंगल बहुतांशी खाजगी मालकीचं आहे. वनखातं आपल्या हद्दीत जाळरेषा, म्हणजे असेच साफ पट्टे, काढतं, तुमच्या घरामागच्या डोंगराला ती नसते. तो पट्टा तुम्हालाच काढावा लागणार.

जाळून पट्टा करणं सगळ्यात स्वस्त आणि वेगवान. जुनी माणसं डिसेंबरात, दव असताना, सकाळी, दोन्ही बाजूंना माणसं उभी करून हे करत आली. पण आता वाडीत हात उरलेत किती? चार म्हातारे आणि एक राखणदार एवढ्या बळावर जाळायला घेतलं की अकराच्या सुमाराला वारा फिरतो आणि आपलाच पट्टा वणवा होतो. पेरणीआधी पालापाचोळा पसरून राब भाजतानाही हेच होतं. कितीतरी वणव्यांचं मूळ डोंगरात सापडत नाही, कुणाच्या तरी शेतातल्या राबात सापडतं. शिवाय शेजाऱ्याची कलमं होरपळली तर पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर. राखीव जंगलात आग लावणं भारतीय वन अधिनियम, 1927 प्रमाणे गुन्हाच आहे. दहा-बारा धडधाकट माणसं, भरलेला पंप, वनरक्षकाला आणि शेजाऱ्यांना आधी कळवलेलं, यातलं एक जरी कमी असेल तर हा मार्ग सोडून द्या.

कापणं महाग आणि वेळखाऊ, तरी मी कापण्याच्याच बाजूचा. गवत नोव्हेंबरात, दाणा धरल्यावर पण पुरतं कडकडायच्या आत कापायचं. भारे बांधून विकले तर मजुरीतले थोडे पैसे परत येतात. ग्रासकटरनं काम झरझर होतं, पण कातळावर पोलादी पातं आपटलं की ठिणगी उडते, म्हणून आमच्याकडे सड्यालगत नायलॉनची दोरीच वापरतात आणि दहाच्या आत मशीन बंद होतं. बरेच जण इथेच फसतात: गवत कापून तिथेच पाडून ठेवतात. आडवं पडलेलं गवतही तितकंच जळतं. ते उचललं तरच पट्टा झाला.

दुसरी फसगत पानगळीची. नोव्हेंबरात लख्ख केलेल्या पट्ट्यावर ऐन, किंजळ, साग फेब्रुवारीपर्यंत पानांचा घोटाभर थर टाकतात. तेव्हा मजुरीचे पैसे दोनदा धरा, एकदा गवताचे, एकदा पातेऱ्याचे. पातेऱ्याला झाडूपेक्षा लीफ ब्लोअर कितीतरी चांगला. वनखात्याची माणसंही जाळरेषा साफ करायला आणि आग मागे लोटायला तोच वापरतात. एकट्याला परवडत नसेल तर वाडीनं मिळून एक घ्यावा.

गुरं-शेळ्यांनी चरवणं ऐकायला छान. पण गवत राठ झाल्यावर गुरं तोंड लावत नाहीत, आणि शेळ्या झुडपांबरोबर तुमची नवी कलमंही खातात.

रुंदी किती? घर उतारावर असेल तर चारी बाजूंना सारखा पट्टा काढू नका. आग चढावर पळते. उतार दहा अंशांनी वाढला की वेग साधारण दुप्पट होतो असा ऑस्ट्रेलियातल्या अग्निशामकांचा ठोकताळा आहे. त्यातून आपल्याकडे दुपारी खारे वारे पश्चिमेकडून आत येतात. म्हणून घराच्या खालच्या अंगाला आणि पश्चिमेला 20 मीटर, वरच्या अंगाला 10 मीटर असा हिशेब मी धरतो. सगळी जमीन मात्र खरवडू नका, पहिल्याच पावसात माती वाहून जाईल. मीटरभराची रेघ मातीपर्यंत साफ, बाकी गवत बोटभर ठेवून कापलेलं, मुळं जमिनीत. मोरीचं पाणी वळवून परसात केळी आणि अळू लावलं असेल तर तेवढा तुकडा आपोआप ओला राहतो. माडाच्या लोंबणाऱ्या सुक्या झावळ्या मात्र काढून घ्या.

छप्पर

नुसत्या वणव्याच्या भीतीनं कौलं काढून स्लॅब घालू नका, पन्नास हजारांत ते होणारही नाही. कौल स्वतः जळत नाही. धोका कौलांच्या फटींत आणि पन्हळीत साठलेल्या पानांचा, आणि आढ्याखाली उंदरांनी जमवलेल्या काडीकचऱ्याचा. कौलं परतायचं काम आपण एप्रिल-मे महिन्यांत काढतो. ते जानेवारीत ओढा, म्हणजे पाऊस आणि वणवा दोन्हींची सोय एका मजुरीत होते. लोखंडी पत्रा चांगला, फक्त त्याच्या टोकाच्या उघड्या पन्हळी बंद करा. सिमेंटचा पत्रा आगीच्या आचेनं तडतडून फुटतो, तुकडे उडतात, त्याखाली उभं राहू नये. गवतानं शाकारलेला मांगर (बागेतली खोपी) असेल तर त्याचं छप्पर मात्र बदला, तिथे दुसरा उपाय नाही.

पंप

दुकानदार आधी पंपच दाखवतो. आंबेवाल्यांकडे फवारणीचा पंप, 200 लिटरचं पिंप आणि लांबलचक नळी असतेच, तेव्हा नवीन घ्यायची घाई नको. हिशेब करा: मिनिटाला 20 लिटर फेकणारा पंप ते पिंप 10 मिनिटांत रिकामं करतो. वणव्याच्या तोंडावर हे पाणी पुरत नाही. पडलेले निखारे, मांडव, गोठ्याचं दार, पन्हळ यांच्यासाठी मात्र ते भरपूर आहे. म्हणजे पंप हा पट्ट्यानंतरचा, त्याला पर्याय म्हणून नव्हे. घ्यायचाच तर पेट्रोलवर चालणारा घ्या, कारण वणव्याच्या वेळी वीज हमखास जाते आणि विहिरीवरची मोटर बंद पडते. जमिनीवरून टाकलेली पीव्हीसी आणि ठिबकची नळी आगीत वितळते, टाकीपासून घरापर्यंतची तरी पुरून घ्या. पाठीवरचा 16 लिटरचा पंप सत्तरीच्या वडिलांना उचलायला लावू नका, त्यापेक्षा चार भरलेल्या बादल्या आणि भिजवलेली गोणपाटं खळ्याच्या कोपऱ्यात ठेवलेली बरी.

खबर लागण्यासाठी

भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहांवरून दिसलेल्या आगींचे संदेश मोबाईलवर पाठवतं, नोंदणी फुकट आहे, जरूर करा. पण या आगी टिपणारं व्हिअर्स नावाचं उपकरण असलेले उपग्रह दुपारी आणि मध्यरात्री दीडच्या आसपास वरून जातात, आणि त्याचा एक ठिपका 375 मीटरचा असतो. तीन वाजता पेटून पाचला तुमच्या गडग्याला भिडलेली गवताची आग त्यात वेळेवर दिसेलच असं नाही. वाडीचा व्हॉट्सॲप ग्रुप आणि सड्यावर नजर ठेवणारा एक माणूस त्याहून जलद. वनखात्याचा 1926 आणि आपत्कालीन 112 हे दोन्ही आकडे आईच्या फोनमध्ये घालून ठेवा, भिंतीवरही मोठ्या अक्षरात लिहा.

थांबावं की निघावं?

ऑस्ट्रेलियात बरीच वर्षं सांगत असत, "तयारी करून थांबा आणि घर राखा, नाहीतर लवकर निघा." 7 फेब्रुवारी 2009 च्या व्हिक्टोरियातल्या आगींत 173 माणसं गेली, त्यांतली कितीतरी आपल्या घरात. त्यानंतर तिथे लवकर निघण्यावर भर आला. आपली आग तेवढी प्रचंड नसते. जांभ्याचं घर, साफ पट्टा, दोन-तीन धडधाकट माणसं असतील तर थांबणं योग्य आहे, कारण निखारे विझवायला माणूस लागतंच. पण घरात दोघंच वयस्कर असतील, किंवा कुणाला दमा असेल, तर धूर डोंगरापलीकडे असतानाच त्यांना गावात खाली नेऊन बसवा. उशिरा निघणं सगळ्यात वाईट. 11 मार्च 2018 ला तमिळनाडूत कुरंगणीच्या गवताळ उतारावर आगीत अडकून वीसहून अधिक ट्रेकर गेले. 2021 च्या एप्रिलमध्ये नागझिऱ्यात आग विझवताना तीन वनमजूर गेले, तेही जंगल पायाखालचं असलेली माणसं. आगीच्या वरच्या अंगाला उभं राहून झोडपायचं नाही, आणि अडकलोच तर चढावर न पळता जळून गेलेल्या काळ्या जमिनीवर यायचं. अंगात सुती कपडे, पायात बूट. टेरीकॉटचा शर्ट अंगालाच चिकटतो.

धूर

ओला फडका नाकाला बांधायची सवय आपल्याला आहे. त्यानं घशाला बरं वाटतं, राख अडते, पण धुरातले खरे घातक कण 2.5 मायक्रॉनहून बारीक असतात आणि ते फडक्यातून सरळ आत जातात. एन-95 मास्क हे कण अडवतो, तोही गालाला नीट चिकटला तरच. दाढी असेल तर कडेनं हवा शिरते. मास्क स्वस्त आहे, घरटी दहा घेऊन ठेवा. कार्बन मोनॉक्साइड मात्र त्यानं अडत नाही, म्हणजे मास्क लावून दाट धुरात शिरणं शहाणपणाचं नाही.

आता हवा शुद्ध करायचं यंत्र. पैसे वाया जायची शक्यता इथे सगळ्यात जास्त. कौलारू घर फटींतून श्वास घेतं, उन्हाळ्यात ते थंड राहतं ते त्यामुळेच. त्या घराच्या माजघरात यंत्र लावणं म्हणजे उघड्या खळ्यात पंखा लावण्यासारखं. आधी एक खोली अशी शोधा जिच्यावर स्लॅब किंवा फळ्यांचा माळा आहे. माळ्याच्या फटी बुजवा, खिडकीच्या कडांना पट्टी लावा, दाराखाली ओली गोधडी गुंडाळून ठेवा. ती खोली 10 बाय 12 ची, 10 फूट उंच असेल तर आत साधारण 34 घनमीटर हवा असते. तासाला पाचदा ती गाळायची तर खोक्यावर तासाला 170 घनमीटर किंवा त्याहून मोठा आकडा असलेलं, हेपा (अतिबारीक कण अडवणाऱ्या) गाळणीचं यंत्र हवं, आणि ते घरच्या इन्व्हर्टरवर चालायला हवं. अशी खोली होणार नसेल तर यंत्राचे पैसे पट्ट्यात घाला आणि धुराच्या दिवसांत वडिलांना पाहुण्यांकडे पाठवा. खोलीत उदबत्ती, धूप, डासांची कॉइल नको, आणि शक्य असेल तर त्या दिवशी चूलही नको.

धुराचीही वेळ ओळखा. रात्री हवा थंड होऊन खाली बसते, तसा धूर खोलगट वाड्यांत साठून राहतो, सकाळी आठपर्यंत हलत नाही. दहा-अकराला ऊन तापलं की उठतो. पहाटे फिरायला जाण्याची आणि दारं उघडून घर हवेशीर करण्याची सवय त्या दोन-चार दिवसांपुरती मोडा, आणि दारं उघडायची ती खारे वारे सुटल्यावर, तेही आग पूर्वेला असेल तरच.

आग विझल्याची रात्र मात्र कुणीतरी जागून काढा. दर तासाला बॅटरी घेऊन घराला एक फेरी: पन्हळ, गोठ्याचं आढं, लाकडांची रास, गडग्याच्या दगडांमधल्या सुक्या मुळ्या. डोळ्यांना दिसलं नाही तरी तळहात जवळ नेऊन ऊब लागते का पाहा. ऊब लागली तर तिथे तांब्याभर पाणी पुरत नाही, माती उकरून बादली ओता.