यांगोनमध्ये डॉलर बदलताना झालेली आमची फसवणूक

जानेवारी २०११ मध्ये मी आणि माझे पती एकवीस दिवसांसाठी ब्रह्मदेशात गेलो होतो. कोणत्याही सहल कंपनीकडून न जाता, बसने आणि रेल्वेने फिरत, साध्या गेस्ट हाउसमध्ये राहत हा प्रवास करायचा, असे आम्ही वर्षभर आधी ठरवले होते. माझे माहेर रत्नागिरीचे. थिबा राजाचा राजवाडा लहानपणापासून पाहिलेला असल्यामुळे, ज्या मंडालेहून त्या राजाला कैद करून आमच्या गावी आणले आणि ज्या मंडालेत पुढे, आमच्याच गावी जन्मलेल्या लोकमान्यांनी १९०८ ते १९१४ अशी सहा वर्षे तुरुंगवास भोगला, ते शहर एकदा पाहावे अशी माझी फार दिवसांची इच्छा होती. त्या प्रवासाच्या दुसऱ्याच दिवशी यांगोनमधल्या सुले पॅगोडाजवळ तीनशे डॉलर बदलताना आम्हांला ८१,००० च्यातांना (च्यात हे तिथले चलन) गंडा घातला गेला. जोडीने, स्वतःच्या हिमतीवर आणि मोजक्या पैशांत परदेशी फिरणाऱ्यांना या अनुभवाचा उपयोग व्हावा, म्हणून तो जसा घडला तसा लिहीत आहे.

त्या काळी त्या देशात पैशांचा व्यवहार कसा चाले, हे आधी सांगायला हवे, कारण फसवणुकीचे मूळ तिथेच आहे. परदेशी बँकेचे कार्ड चालेल असे एकही एटीएम तेव्हा तिथे नव्हते. जेवढे दिवस राहायचे तेवढ्या दिवसांचे सगळे पैसे अमेरिकन डॉलरच्या नोटांमध्ये बरोबर न्यावे लागत, आणि त्या नोटाही कोऱ्या करकरीत लागत. घडी पडलेली, शाईचा ठिपका असलेली किंवा कडेला किंचित फाटलेली नोट कोणी घेत नसे, आणि क्रमांकाची सुरुवात ‘सीबी’ या अक्षरांनी होत असेल तर शंभराची नोट बनावट असल्याच्या संशयाने सरळ परत केली जाई. सरकारी दर एका डॉलरला सहा च्यातांच्या आसपास होता, तर बाजारातला खरा दर त्या महिन्यात ८४० च्या घरात होता. एवढ्या तफावतीमुळे सरकारी दराने पैसे बदलणे म्हणजे ते फेकून देण्यासारखेच होते. त्यामुळे पर्यटक असो की तिथला व्यापारी, प्रत्येकाला खासगी माणसाकडेच जावे लागे. असा व्यवहार कायद्याने मान्य नव्हता, तरी देशभर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चालत असे.

तिथल्या लोकांना डॉलरची इतकी ओढ का, याचेही कारण आहे. सप्टेंबर १९८७ मध्ये लष्करी हुकूमशहा ने विन यांच्या राजवटीने २५, ३५ आणि ७५ च्यातांच्या नोटा एका दिवसात रद्द केल्या आणि त्यांच्या बदल्यात लोकांना काहीही दिले नाही. पुढे ४५ आणि ९० च्यातांच्या नोटा काढल्या. घरातल्या पेटीत जपून ठेवलेली बचत एका रात्रीत कागद झालेली ज्यांनी पाहिली, त्यांनी स्वतःच्या चलनावर पुन्हा पुरता विश्वास ठेवला नाही. डॉलरच्या नोटेवरची बारीकशी सुरकुतीसुद्धा निरखून पाहण्याची तिथली सवय आम्हांला आधी विचित्र वाटली, पण हा इतिहास कळल्यावर ती समजली. आम्हांला फसवणाऱ्यांनी याच सवयीचा आधार घेतला होता.

आमच्याकडे एकूण ९०० डॉलर होते. मुंबईहून घेतलेल्या कोऱ्या नोटा आम्ही दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवल्या होत्या. खोलीचे भाडे, रेल्वेचे तिकीट आणि बागानसारख्या ठिकाणांचा प्रवेश परदेशी माणसाला डॉलरमध्येच द्यावा लागे, परंतु जेवण, बस आणि किरकोळ खर्चासाठी च्यात हवे होते. आमच्या गेस्ट हाउसच्या मालकीणबाईंनी ८४० चा दर सांगितला होता. आम्ही मात्र अजून चार ठिकाणी विचारून पाहू, असे म्हणून बाहेर पडलो.

महाबंदुला बागेच्या कोपऱ्यावर एक मध्यमवयीन गृहस्थ आमच्या शेजारून चालू लागले. लुंगी, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात छत्री. “इंडिया से?” असे त्यांनी स्वच्छ हिंदीत विचारले. यांगोनच्या त्या भागात भारतीय वंशाची पुष्कळ कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत, आणि आदल्या संध्याकाळी एका हिंदी बोलणाऱ्या दुकानदाराने आम्हांला पत्ता सापडेना तेव्हा दुकान मुलाच्या स्वाधीन करून थेट दारापर्यंत आणून सोडले होते. त्यामुळे परक्या मुलखात आपली भाषा कानावर पडताच आम्ही सैल झालो. त्यांनी पैशांचा विषय लगेच काढलाही नाही. आधी बोधगयेची चौकशी केली, मग आम्हांला कुठे कुठे जायचे आहे ते विचारले, आणि अगदी शेवटी, निरोप घेता घेता, “डॉलर बदलने हैं तो नौ सौ का भाव दिला दूँगा” असे म्हणाले.

८४० आणि ९०० यांतला फरक तीनशे डॉलरवर १८,००० च्यात होतो. आमच्या हिशेबात ते दोघांचे चार दिवसांचे जेवण होते. पै-पैचा हिशेब ठेवून फिरणाऱ्या माणसाला असा फरक फार मोठा वाटतो. सगळ्या बाजारापेक्षा अधिक भाव एखादा अनोळखी माणूस आपल्यालाच का देईल, हा प्रश्न माझ्या मनात आला होता आणि तो मी बोलून दाखवला नाही, ही माझी चूक मी इथे नोंदवते.

ते आम्हांला एका गल्लीतल्या चहाच्या दुकानात घेऊन गेले. तिथे गुडघ्याएवढ्या उंचीची टेबले आणि त्याहून ठेंगणी प्लास्टिकची स्टुले होती. आणखी दोन माणसे येऊन बसली. त्यांतला एक तरुण माझ्यासमोर बसला आणि दुसरा, चष्मा लावलेला, माझ्या पतींच्या शेजारी. ही बसण्याची रचना सहज झालेली नव्हती, हे मला फार उशिरा कळले. पाच हजारांच्या नोटा मिळतील का, असे आम्ही विचारले, तेव्हा “त्या नव्या नोटा अजून हातात येत नाहीत, हजाराच्याच आहेत” असे उत्तर मिळाले. त्याच संध्याकाळी मालकीणबाईंच्या गल्ल्यात मी पाच हजारांच्या नोटा पाहिल्या. हातचलाखी करायची तर नोटांची संख्या जास्त लागते. चोपन्न नोटांमधून काही काढणे अवघड असते, आणि दोनशे सत्तर नोटांमधून ते सोपे असते.

तरुणाने शंभर-शंभराच्या दोन गड्ड्या आणि सत्तर सुट्या नोटा माझ्यापुढे ठेवल्या आणि मोजून घ्या असे सांगितले. नोटा मळलेल्या, तेलकट आणि एकमेकींना चिकटणाऱ्या होत्या. मी रबर काढून पहिली गड्डी मोजली, ती शंभर भरली. दुसरी मोजली, तीही शंभर भरली. सुट्या मात्र अडुसष्टच निघाल्या. मी तसे सांगताच त्याने जीभ चावली, माफी मागितली आणि दोन नोटा घालून देण्यासाठी सगळाच ढीग स्वतःकडे ओढून घेतला. नेमक्या त्याच क्षणी चष्मेवाल्याने माझ्या पतींच्या हातातली शंभर डॉलरची एक नोट उचलून उजेडात धरली आणि ही ‘सीबी’ची आहे, चालणार नाही, असे मोठ्याने म्हणाला. माझ्या पतींनी ती परत घेऊन क्रमांक पाहिला. नोट ‘सीबी’ची नव्हती. त्यांनी तसे सांगितले, त्याने पुन्हा मागितली, आणि दोघांची हुज्जत सुरू झाली. आपली नोट बदलली जाईल की काय या काळजीने मीही तिकडेच पाहू लागले. असे दहा-पंधरा सेकंद गेले असतील. मी वळले तेव्हा तरुण माझ्या डोळ्यांसमोर दोन नोटा सावकाश मोजून सुट्या ढिगावर ठेवत होता, आणि दोन्ही गड्ड्यांना पुन्हा रबर लागलेले होते.

डॉलरचा वाद तेवढ्यात मिटला होता. त्यांनी तिन्ही नोटा मान्य केल्या, काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत च्यात घालून पिशवी माझ्या हातात दिली, आणि मी पुन्हा मोजायला रबर सोडणार तोच छत्रीवाले गृहस्थ दबक्या आवाजात “पुलिस, पुलिस, जल्दी” असे म्हणत उठले. तिघे तीन दिशांना गेले. त्या गल्लीत पोलीस कुठेही नव्हता.

खोलीवर आल्यावर आम्ही पलंगावर नोटा पसरल्या. पहिल्या गड्डीत अठ्ठावन्न होत्या, दुसरीत एकसष्ट आणि सुट्या सत्तर. एकूण १८९. दोन्ही गड्ड्यांच्या मधल्या भागातल्या नोटा काढल्या होत्या, आणि उरलेल्यांपैकी काही मध्ये दुमडून गड्डीची जाडी जवळपास पूर्वीइतकीच ठेवली होती. ९०० च्या भावाच्या मागे लागून आम्हांला प्रत्यक्षात ६३० चा भाव पडला. गेलेले ८१,००० च्यात त्यांनी कबूल केलेल्या भावाने नव्वद डॉलरचे होते, म्हणजे आमच्या पंधरा डॉलरच्या खोलीचे सहा दिवसांचे भाडे. पुढचे एकोणीस दिवस पैसे मिळण्याची दुसरी कोणतीही वाट नव्हती.

त्या रात्री आम्हां दोघांमध्ये कटुता आली, हेही लपवत नाही. मी मोजत होते म्हणून चूक माझी, की त्यांनी वाद घातला म्हणून त्यांची, यावर बराच वेळ बोलणे झाले. मग आम्ही क्षणाक्षणाचा क्रम कागदावर लिहून काढला, तेव्हा सगळी मांडणी उलगडली. दोन नोटा मुद्दाम कमी ठेवलेल्या होत्या, कारण त्याशिवाय मोजलेला ढीग माझ्या हातातून परत घेता आला नसता. डॉलरचा आक्षेप खोटा होता, पण त्यात गुंतल्यामुळे आमचे चारही डोळे एकाच बाजूला वळले. एकट्या प्रवाशाने कदाचित नजर हलवली नसती. आम्ही दोघे होतो, म्हणून प्रत्येकाला वाटले की दुसऱ्या बाजूला दुसरा पाहत आहे.

म्हणून जोडीने जाणाऱ्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की, पैसे एकानेच मोजावेत आणि दुसऱ्याने डॉलर खिशातून बाहेर न काढता केवळ समोरच्याचे हात पाहत उभे राहावे. आपले मोजून होईपर्यंत डॉलर दाखवूच नयेत. मोजलेल्या गड्डीला समोरच्याचा हात लागला, मग ते एक नोट घालण्यासाठी का असेना, तर ती मोजणी रद्द समजून पहिल्यापासून सगळे मोजावे. कमी असलेल्या नोटा त्याने टेबलावर वेगळ्या ठेवाव्यात, आपल्या ढिगात घालू नयेत. गड्डी केवळ कडेने चाळून मोजली तर दुमडलेली नोट दोनदा मोजली जाते, तेव्हा प्रत्येक नोट सुटी करून खाली ठेवावी. आणि घाई करणारा, भीती घालणारा शब्द कानावर आला की व्यवहार तिथेच मोडून आपले डॉलर घेऊन निघावे.

तक्रार करण्याचा विचार सकाळी आम्ही मालकीणबाईंपुढे काढला. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि सांगितले की, रस्त्यावर पैसे बदलणे हाच मुळात गुन्हा असल्यामुळे चौकीत आधी आम्हांलाच प्रश्न विचारले जातील. फसवणाऱ्यांनाही हे चांगले ठाऊक असते.

एप्रिल २०१२ मध्ये तिथल्या सरकारने जुना ठरीव दर सोडून डॉलरला ८१८ च्यात असा बाजाराला धरून दर जाहीर केला, आणि त्या वर्षाच्या अखेरीपासून परदेशी कार्डे चालणारी एटीएम येऊ लागली. त्यानंतर काही वर्षे या धंद्याला फारसे कारण उरले नव्हते. परंतु फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर ते दिवस परत आले आहेत. ऑगस्ट २०२२ मध्ये सरकारी दर २,१०० वर बांधला गेला आणि बाजारातला दर त्याच्या कितीतरी वर निघून गेला. देशात यादवी चालू असताना सहलीला जाणे मला योग्य वाटत नाही. तरीही कामानिमित्त, नातेवाइकांसाठी किंवा विपश्यनेच्या शिबिरासाठी कोणाला जावे लागलेच, तर दोन दरांमधली ती दरी पुन्हा उघडली आहे हे त्याने लक्षात ठेवावे.

आमच्या प्रवासातून इन्ले सरोवर गळले. मंडाले मात्र मी सोडले नाही. रात्रीच्या बसने तिथे पोहोचलो, राजवाड्याच्या तटाबाहेरच्या खंदकाच्या कडेने चाललो, आणि पुन्हा च्यात हवे झाले तेव्हा आमच्या गेस्ट हाउसच्या मालकाच्या पत्नीकडेच शंभर डॉलर बदलले. तिने ८३५ चा भाव सांगितला, उजव्या हाताच्या कोपराला डाव्या हाताची बोटे लावून, तिकडच्या आदबीच्या रीतीने, नोटा माझ्यापुढे ठेवल्या आणि मागे सरून बसली. मी एक-एक नोट सुटी करून मोजली, मग पुन्हा मोजली. शंभर डॉलरची नोट तोपर्यंत माझ्या पतींच्या खिशातच होती, आणि मी मान हलवेपर्यंत त्या बाईने तिच्यासाठी हात पुढे केला नाही.