ऑटो साथीचा कीबोर्ड: भजनात आठ महिने वापरल्यावर

कापसाचे पैसे हातात आले तेव्हा साडेनऊ हजारात घेतला, 61 कीचा, स्टाइल्सवाला, म्हणजे ठेका, बास, कॉर्डची तयार साथ आपोआप वाजवणारा. आमचा तबलजी कामासाठी पुण्याला गेला, खंजेरीवाल्या काकांना गुडघ्यामुळे रोज रात्री येणं होत नाही, म्हटलं ऑटो साथ लावू आणि भजन चालू ठेवू. फीचर सगळ्यांना माहीत आहेत, मला फक्त लयीबद्दल बोलायचं आहे.

तुकडोजी महाराजांची भजनं ज्यानं खंजेरीवर ऐकली त्याला माहीत आहे, लय एका जागी राहत नाही, सावकाश सुरू होते आणि शेवटाकडे चढत जाते. मशीन 96 वर (मिनिटाला 96 ठोके) लावलं की 96 वरच. टाळ पुढे जातात, गाणारे पुढे जातात, ठेका मागंच. टेम्पोचं बटण एका दाबाला एक आकडा वाढवतं, आणि उजवा हात सुरावर, डावा कॉर्डवर (साथीला एकत्र वाजणारे सूर), मग ते दाबायचं कोणत्या हातानं? त्यात मी पेटीवाला, वीस वर्षं माझा डावा हात भात्यावर, कॉर्ड कशाशी खातात माहीत नव्हतं. एका बोटाची कॉर्ड शिकलो महिनाभर बसून (मूळ की एकटी दाबली तर मेजर, सोबत डावीकडची जवळची काळी दाबली तर मायनर, माझ्या मॉडेलात तरी). तरी गाणारा कोमल निषादावर गेला आणि मी कॉर्ड बदलायला चुकलो की खालचा बास कानाला टोचतोच.

आणि ते सिंक स्टार्ट, डावीकडची की दाबली की ठेका आपोआप सुरू करणारं बटण! सामुदायिक प्रार्थना झाल्यावर सगळे डोळे मिटून बसले होते, माझा डावा हात नुसता खाली टेकला आणि पूर्ण ठेका सुरू झाला. फार वाईट वाटलं. तेव्हापासून ते बटण मी आधी बघतो, मगच बसतो.

मधे अडॅप्टरच्या पिनेची जागा सैल झाली, लाइट गेल्यासारखा कीबोर्ड बंद पडायचा. सर्व्हिसवाल्यानं बोर्ड बदला म्हणून अठराशे सांगितले, आमच्या गावच्या रेडिओवाल्यानं 60 रुपयांत डाग देऊन दिला, आजही चालू आहे. लोडशेडिंगसाठी सेल टाकून ठेवतो, ते महाग पडतात पण पर्याय नाही.

तिसऱ्या महिन्यात विकायचंच ठरवलं होतं. मग एक दिवस अकंपनिमेंटचं (बास-कॉर्डच्या साथीचं) बटण बंद ठेवून स्टाइल सुरू केली तर नुसता ठेका आला, बास नाही, कॉर्ड नाही! म्हणजे डावा हात मोकळा. तो मी टॅप टेम्पोच्या बटणावर ठेवला, चालू ठेक्यात दोनदा ठोकलं की नवी लय पकडतो. जो हात भाता हलवायचा तोच आता लय हलवतो, सवय व्हायला आठवडा पण लागला नाही. दादरा आणि केहरवा दोन्ही ताल असे जमतात, म्हणून वर जे विकायचं म्हटलं ते मी मागे घेतो. फक्त भजनासाठी घेणाऱ्यानं कॉर्डच्या मागं लागू नये आणि टॅप टेम्पो नसलेलं मॉडेल घेऊच नये, हजार रुपये स्वस्त मिळालं तरी.

मागच्या गुरुवारी काका आले. खंजेरी हातात घेतली, ठेका ऐकला आणि म्हणाले, "त्याले म्हना, माह्या मांगं ये." शेवटच्या कडव्याला त्यांनी लय ओढली, मी त्यांच्या हाताकडे बघून ठोकत गेलो, आणि मशीन त्यांच्या मागं आलं.