दमण की दीव? बडोद्याहून दिवाळीत निघणाऱ्यांसाठी

नवरात्र संपलं की आमच्या दांडिया बाजारच्या घरात हा विषय निघतोच. पोरांना सुट्ट्या लागतात, त्यांना समुद्र हवा असतो, आई-बाबांना फार दगदग नको असते, गोवा चार दिवसात उरकणारं नाही, मग शेवटी गाडी येऊन थांबते ती दमण की दीव यावर. मी दमणला दोनदा आणि दीवला तीनदा जाऊन आलोय, सगळ्या वेळा फॅमिलीबरोबर, त्यामुळे जे सांगतोय ते त्याच हिशोबानं घ्या. मित्रांबरोबर जाणाऱ्यांचं गणित वेगळं असू शकतं. हॉटेलांचे दर आणि फोटो तुम्ही बघितलेच असतील, त्यात पडत नाही.

आधी दमणची बाजू, कारण ती खरंच भक्कम आहे. सकाळची ट्रेन पकडली की तीन-साडेतीन तासात वापी, तिथून रिक्षा केली की जेवायच्या वेळेला तुम्ही दमणमध्ये. वाटेत भरूचची खारी शिंग घ्यायची, नवसारी-बिलिमोरा मागे टाकायचं (एकेकाळी हे सगळं आपल्याच बडोदा संस्थानातलं, बाबा प्रत्येक वेळी पोरांना सांगतात आणि पोरं प्रत्येक वेळी ऐकतात). दीवचं असं नाही. बडोद्याहून साधारण चारशे किलोमीटर, भावनगर, तळाजा, महुवा, राजुला, उना असं करत करत आठ-नऊ तास सहज जातात, चहा-जेवण धरलं तर दहा. रेल्वेनं वेरावळपर्यंत जाता येतं पण तिथून पुढे परत दोनेक तास रस्ता आहेच. हजीरा-घोघा फेरी आहे, गाडी आत घालून नेता येते, सुरतवाल्यांना ती सोयीची, पण आपल्याला आधी खाली हजीऱ्याला जायचं आणि मग आखात ओलांडून परत वर भावनगरजवळच्या घोघ्याला यायचं म्हणजे फेरा पडतो.

किल्ल्याच्या बाबतीतही दमण मागे नाही. दमणगंगेच्या एका तीरावर मोटी दमण आणि दुसऱ्या तीरावर नानी दमण, दोन्हीकडे किल्ले. मोटी दमणचा किल्ला १५५९ नंतरचा, आणि मला तो आवडतो तो अशासाठी की तो अजून वापरात आहे. आत सरकारी ऑफिसं आहेत, घरं आहेत, झाडांची सावली आहे, १६०३ चं बॉम जेझूस चर्च आहे ज्याच्या आतलं लाकडी कोरीवकाम बघत आई अर्धा तास बसून राहिली. दीवचा किल्ला भव्य आहे पण उघडा, उन्हातला, चढउताराचा. आणि मराठी माणसानं दमणला एक गोष्ट आठवायलाच हवी, १९६१ च्या डिसेंबरमध्ये दमण पोर्तुगीजांकडून सोडवलं ते मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियननं.

आता मूळ मुद्दा, समुद्र.

पहिल्यांदा आम्ही दमणला गेलो ते दिवाळीच्या पाडव्याला. आत्या बरोबर होती, तिची नातवंडं, आमची दोन, सगळ्यांना खंडेराव मार्केटहून नवीन बादल्या-फावडी घेतलेली. दुपारी पोचलो, जेवलो, म्हाताऱ्या माणसांनी पाठ टेकली, आणि ऊन उतरल्यावर पाचच्या सुमाराला देवका बीचवर गेलो तर पाणी निघालं होतं. पाणी हळूहळू मागे जातंय हे लहान पोरांना आधी कळलंच नाही, ती त्याच्यामागे चालत राहिली, आणि पाण्याच्या जागी जे उघडं पडत गेलं ती वाळू नव्हती, राखाडी चिखल आणि मधूनमधून खडक. धाकट्याचा पाय घोट्यापर्यंत रुतला, चप्पल आतच राहिली. सहा वाजेपर्यंत समुद्र म्हणजे लांबवर एक चकचकीत रेघ. मुलीनं विचारलं की बाबा, उद्या येईल ना पाणी, मी म्हटलं सकाळी येईल. सकाळी साडेसातला परत गेलो, परत तेच, उलट आणखी लांब. पाणी भरलं ते भर दुपारी दोनच्या पुढे, कडक उन्हात, जेव्हा कोणीही शहाणा माणूस लहान पोरांना किनाऱ्यावर नेणार नाही. दोन दिवस हेच चालू होतं. जांपोरला सुरूची झाडं आहेत, तिथली वाळू त्यामानानं बरी, सावलीत बसायला छान, पण पाण्याचं वेळापत्रक तिथंही तेच. त्या बादल्या कोरड्याच परत आल्या, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण पोरं तीन आठवडे त्यांच्याशी खेळत वाट बघत होती.

असं का होतं ते नंतर अलिबागच्या मावशीनं समजावलं. खंभातचं आखात नरसाळ्यासारखं आहे, तोंडाशी रुंद आणि आत अरुंद, त्यामुळे भरतीचं पाणी आत येता येता चढत जातं आणि ओहोटीला तितकंच मागे जातं, शिवाय साबरमती, आपली मही, नर्मदा, तापी या सगळ्यांचा गाळ त्यातच येतो. कावी-कंबोईचं स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ रोज भरतीत बुडतं आणि परत वर येतं, ते बघायला आपण बडोद्याहून कौतुकानं जातो, तोच खेळ दमणच्या किनाऱ्यावर चालू असतो, फक्त तिथं आपण पोहायला गेलेलो असतो. आणि अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती, म्हणजे पाणी सगळ्यात जास्त चढतं आणि सगळ्यात लांब जातं. दिवाळी अमावास्येची. म्हणजे बडोद्याची सगळी शाळकरी पोरं नेमकी त्याच दिवसात दमणला पोचतात जेव्हा सकाळ-संध्याकाळ पाणी हाताला लागत नाही.

मावशीकडचा जुना हिशोब असा, की तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती पूर्ण. आठाची पाऊणपट सहा, म्हणून अष्टमीला सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास. हा मुंबई-अलिबागचा हिशोब झाला, दमणला मी त्यात तास-सव्वा तास मिळवतो आणि आतापर्यंत तरी जमलंय. दुसऱ्यांदा आम्ही मुद्दाम सप्तमी बघून गेलो आणि तो खरंच वेगळा दमण होता. भांगाचे दिवस, म्हणजे भरती-ओहोटी बेताची, पाणी फार लांब गेलं नाही, संध्याकाळी पाचला लाटा पायाशी. २०२३ मध्ये सुरू झालेला देवक्याचा नवीन सीफ्रंट आहे, पाच-साडेपाच किलोमीटरचा, त्यावर बाबा काठी घेऊन रमत गमत चालले, भरलेल्या समुद्राच्या कडेनं. तरीही पाणी मातकट होतंच, तो गाळ तिथीनं जात नाही.

दीवला हा प्रश्नच येत नाही. दीव आखाताच्या बाहेर आहे, सौराष्ट्राच्या दक्षिण टोकाला, समोर सरळ अरबी समुद्र. भरती-ओहोटी तिथंही आहे पण ती आपल्या सवयीची, दहा-वीस पावलं मागेपुढे. नागवा बीच घोड्याच्या नालेसारखा वळलेला, त्यामुळे लाटा बेतानं येतात, पाणी निळं-हिरवं, आणि मागे ती होक्याची झाडं, फांद्या फुटलेल्या ताडासारखी. तुम्ही सकाळी सातला जा, दुपारी जा, संध्याकाळी जा, समुद्र जागेवर असतो. पोरांना घेऊन नऊ तास प्रवास करून गेल्यावर ही एवढीच गोष्ट मला हवी असते, आणि ती मिळते. दिवाळीत नागव्याला गर्दी फार होते हे मात्र खरं, पिऊन आलेले ग्रुपही असतात (ते दमणलाही असतात), तेव्हा आम्ही नागवा सोडून घोघल्याला जातो. घोघला पुलाच्या अलीकडे, लांबच लांब किनारा, २०२० मध्ये त्याला ब्लू फ्लॅग (स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांचं आंतरराष्ट्रीय मानांकन) मिळाला तेव्हापासून स्वच्छता, कपडे बदलायची सोय, लाइफगार्ड हे सगळं नीट आहे. बायकांना आणि म्हाताऱ्या माणसांना ते जास्त बरं पडतं असं आमच्या घरचं मत. गोमतीमाता शांत आहे पण तिथं लाटा जोरात, पोरांना पाण्यात सोडू नका.

आणि दीवमध्ये समुद्र सोडूनही दोन दिवस भरतात. किल्ला बघताना मी पोरांना एक गोष्ट नेहमी सांगतो कारण ती आपल्या घराजवळून सुरू होते. १५३५ मध्ये हुमायूननं चांपानेर घेतलं, आपलं पावागढच्या पायथ्याचं चांपानेर, तेव्हा गुजरातचा सुलतान बहादूरशाह पळत पळत दीवला गेला आणि मुघलांविरुद्ध मदत मिळावी म्हणून त्यानं पोर्तुगीजांना किल्ला बांधायची परवानगी दिली. दोन वर्षांनी १५३७ मध्ये त्याच दीवच्या पाण्यात पोर्तुगीजांशी झालेल्या झटापटीत तो मेला. तटावर उभं राहून, खाली समुद्रातला पाणीकोठा नावाचा छोटा किल्ला दिसत असताना हे सांगितलं की मोठी पोरं मोबाइल खिशात घालतात. नायडा गुंफा दुपारच्या उन्हासाठी ठेवा, आत गारवा असतो आणि वरच्या भोकांतून येणारा उजेड सुंदर. फुदमच्या गंगेश्वरला सकाळी जा, कपारीत पाच शिवलिंगं आणि भरतीच्या लाटा येऊन त्यांना अभिषेक घालून जातात, आई तिथून उठायला तयार नसते.

खुकरी स्मारकाबद्दल थोडं वेगळं सांगायचंय. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री आयएनएस खुकरी दीवसमोरच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीच्या टॉर्पेडोनं बुडाली, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडलं नाही. संध्याकाळी तिथून सूर्यास्त बघायला सगळे जातात, जरूर जा, पण आधी पाच मिनिटं पोरांना ते वाचून दाखवा. त्याच नावाची पुढची नौका निवृत्त झाल्यावर २०२२ मध्ये दीवला दिली गेली, तीही आहे.

खाण्याचं म्हणाल तर मासे खाणाऱ्यांची दोन्हीकडे चंगळ, पण शाकाहारी आणि त्यातही सोवळं सांभाळणारे असतील तर दीवला थोडं शोधावं लागतं. आम्ही ठेपले, लिलो चिवडो भरपूर नेतो.

म्हणजे कसं, दोनच दिवस हातात असतील, किंवा बरोबर कोणाची कंबर-गुडघे अशी असतील की नऊ तास गाडीत बसणं शक्यच नाही, तर दमणला जा, फक्त आधी कालनिर्णय काढा आणि षष्ठी ते अष्टमी बघा. वद्य चालेल, शुद्ध चालेल. चार दिवस असतील आणि पोरं दहाच्या आतली असतील तर मी तरी दीवच म्हणेन, आणि परतीत एक दिवस वाढवता आला तर कोडिनारवरून सोमनाथ करून या, कोडिनारही गायकवाडांचंच होतं, बाबांना तेवढाच आनंद. आमचं यंदाचं घोघल्याजवळचं बुकिंग झालंय. दमणला जानेवारीत जाणार आहोत, सासूबाईंना बीचवर खुर्ची टाकून बसायचंय, सप्तमीला शनिवार येतोय, तिकिटं काढून ठेवली.