फुकट तपासणी, २४ हजारांचा कोंडा

‘डोक्याची तपासणी फुकट’ ही पाटी वाचून आत गेले, तिथेच फसले. नाशिकमधलं एक चकाचक केशोपचार केंद्र. कोंडा माझा कॉलेजपासूनचा. काळा कुडता घातला की खांद्यावर रवा सांडल्यासारखा दिसायचा.

पांढरा कोट घातलेल्या मुलीने पेनासारखा कॅमेरा भांगातून फिरवला. पडद्यावर माझं डोकं म्हणजे भेगाळलेलं शेत! पिवळट खपल्या, केसांच्या बुंध्याशी चिकट थर. “मॅडम, फंगस मुळापर्यंत गेलंय. सहा महिन्यांत टक्कल पडेल.” मला घामच फुटला.

‘मुळापासून नायनाट’ करणारं पॅकेज २४ हजारांचं. एवढे पैसे नाहीत म्हटल्यावर ‘बिनव्याजी हप्ते’ निघाले. आधार, पॅन दिलं. ओटीपी आला, तो तिनेच माझा मोबाईल घेऊन टाकला. तो कर्जाचा होता, हे पहिला हप्ता कापला गेला तेव्हा बँकेच्या मेसेजवरून कळलं.

उपचार म्हणजे वाफ आणि लेबल नसलेली एक बाटली. ‘हर्बल, आमचा खास फॉर्म्युला.’ खाज चार दिवसांत गायब! मी मैत्रिणीलाही तिथे धाडणार होते, बिचारी थोडक्यात वाचली. दोन महिन्यांनी बाटली संपली आणि आठवड्याभरात टाळू लालभडक, कपाळावर पुरळ, कोंडा दुप्पट.

त्वचारोगतज्ज्ञ बाई बाटली उलटसुलट करून म्हणाल्या, “तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, पण इतका झटपट आराम आणि बंद करताच अशी उसळी, म्हणजे मला स्टेरॉइडचा संशय येतो.” मलासेझिया नावाची यीस्ट, म्हणजे एक सूक्ष्म बुरशी, सगळ्यांच्याच डोक्यावर असते आणि टाळूच्या तेलावर जगते. काहींची त्वचा तिला चिडते, एवढंच. म्हणजे ‘मुळापासून नायनाट’ वगैरे थापाच. कोंडा फक्त आटोक्यात ठेवायचा. त्यांनी २ टक्के केटोकोनाझोलचा (हे बुरशीवरचं औषध) शाम्पू दिला: आठवड्यातून दोनदा, चार आठवडे, आणि टाळूवर पाच मिनिटं ठेवून मगच धुवायचा. मी आजवर औषधी शाम्पूसुद्धा फेस आला की लगेच धुऊन टाकायचे. रात्रभर तेल मुरवणंही बंद करायला सांगितलंय. हे आईला सांगायची हिंमत अजून झालेली नाही.

कॅमेऱ्याचं मात्र डोक्यातून जाईना. भाच्याकडे शाळेच्या प्रकल्पासाठी घेतलेला, कॉम्प्युटरला जोडायचा सूक्ष्मदर्शक आहे. तो त्याच्याच डोक्याला लावून पाहिला. पोराला कोंडा कसा असतो तेही माहीत नाही, पण पडद्यावर तेच भेगाळलेलं शेत! कुणाचीही कातडी इतकी मोठी करून पाहिली तर अशीच दिसणार.

केंद्राने पावतीवरची ‘परतावा मिळणार नाही’ ही मुंगीएवढी ओळ दाखवली. मी ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. पावती, हप्त्यांचे मेसेज आणि तळाशी थोडं औषध उरलेली बाटली जपून ठेवली आहे. कर्जाचे पाच हप्ते बाकी आहेत, दर महिन्याच्या पाच तारखेला कापले जातात.