फाइट पास घेतलंत तर सुरुवात कुरितिबापासून करा

यूएफसी ही एमएमएची, म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणाऱ्या लढतींची कंपनी, आणि फाइट पास ही त्यांची ऑनलाइन मॅचेस बघायची सबस्क्रिप्शन. ती घेऊन मला वर्ष झालं. न्यू जर्सीत राहतो, घेतलं तेव्हा महिन्याला १० डॉलरच्या आसपास पडत होतं. आधीच सांगतो, यूएफसीचे मोठे लाइव्ह इव्हेंट बघायला हे घेऊ नका, इथे अमेरिकेत ते यावर मिळत नाहीत, हे घ्यायचं ते जुन्या मॅचेससाठी. २००७ ला यूएफसीच्या मालकांनी अशाच लढती भरवणारी जपानची प्राइड कंपनी विकत घेतली, २०११ ला स्ट्राइकफोर्स नावाची अशीच दुसरी कंपनी घेतली, त्यामुळे त्या दोघांचा खजिना इथे एकाच ठिकाणी बघायला मिळतो आणि माझे पैसे तिथेच वसूल झाले.

पण एवढ्या ढिगातून बघायचं काय? मी एक शहर धरलं, ब्राझीलमधलं कुरितिबा. तिथे रुडिमार फेड्रिगो या वस्तादाची शूट बॉक्से म्हणून मुए थाईची (थाई किकबॉक्सिंगची) जिम, आणि तिथून निघालेली माणसं बघा, वांडरले सिल्वा, शोगुन रुआ, त्याचा थोरला भाऊ मुरिलो निन्जा रुआ, क्रिस सायबॉर्ग, चौघंही जन्माने कुरितिबाची. अँडरसन सिल्वा जन्मला साओ पावलोला पण वाढला इथेच, आणि शिकला पण याच जिममध्ये. सगळ्यांची एक खूण आहे, पुढे पुढे जात राहायचं, मान दोन्ही हातांत धरायची आणि गुडघे हाणायचे. ३-४ मॅचेस बघितल्या की नाव न वाचता कळतं हा कुठला ते.

आता माझं ऐका आणि सर्चमध्ये कुरितिबावाल्यांचं नाव न टाकता रॅम्पेज जॅक्सन टाका. मेम्फिसचा हा दांडगा गडी, आणि त्याचं आणि या जिमचं जे काही झालं ते ओळीने बघा. नोव्हेंबर २००३, टोकियो डोम, प्राइडच्या ग्रां प्रीची, म्हणजे बाद फेरीच्या स्पर्धेची, फायनल, वांडरले त्याच रात्री आधी योशिदाशी पूर्ण वेळ लढून आलेला आणि तरी रॅम्पेजला गुडघ्यांनी संपवतो. ऑक्टोबर २००४ ला पुन्हा तेच दोघं, दुसऱ्या राउंडमध्ये परत गुडघे, आणि रॅम्पेज बेशुद्ध होऊन दोरांवर लटकतो, ते दृश्य मी कितीदा बघितलंय तरी अंगावर काटा येतो. मग फेब्रुवारी २००५ ला रॅम्पेज निन्जाला हरवतो, स्प्लिट डिसिजन, म्हणजे तिघांपैकी दोन पंच एकाच्या बाजूने आणि एक दुसऱ्याच्या, माझ्या मते निन्जाच जिंकला होता आणि मी या मतावर ठाम आहे. आणि दोनच महिन्यांनी ओसाकाला समोर येतो धाकटा भाऊ शोगुन, वय फक्त २३, पहिल्याच राउंडमध्ये, ४ मिनिटं ४७ सेकंदांत खेळ खल्लास. भावाचा हिशेब असा चुकता केला की बास. त्याच ऑगस्टमध्ये एका रात्रीत ओव्हरीम आणि अरोना दोघांना पाडून ग्रां प्री पण त्याने घेतली. रॅम्पेजने वांडरलेचा बदला २००८ ला यूएफसीत घेतला, तीही बघा, नाहीतर गोष्ट अर्धी राहते.

एक सूचना, प्राइडचे नियम वेगळे होते, पहिला राउंड १० मिनिटांचा, पिंजऱ्याऐवजी दोरांची रिंग आणि पडलेल्या माणसाच्या डोक्यावर लाथ चालायची. लहान मुलं हॉलमध्ये असताना लावू नका प्लीज.

सायबॉर्गसाठी स्ट्राइकफोर्समध्ये जा, ऑगस्ट २००९, सॅन होजे, समोर जिना कारानो. दोन बायकांची मॅच एवढ्या मोठ्या कार्यक्रमाची मेन इव्हेंट, म्हणजे शेवटची मुख्य लढत, तेव्हा ही फार मोठी गोष्ट होती, आणि राउंड संपायला १ सेकंद उरलेला असताना सायबॉर्गने ती संपवली. आधी हँडबॉल खेळायची ही पोरगी, फेड्रिगोच्या नजरेला पडली आणि इकडे वळली. मुलीला दाखवलेली एकमेव मॅच हीच, तिने लगेच परत लावायला सांगितली.

शोगुनची यूएफसीतली बाजू पण आहेच, २०१० ला माँट्रियलला माचिदाला नॉकआउट करून बेल्ट घेतला आणि पुढच्याच वर्षी आमच्या न्यूअर्कला जॉन जोन्सने तो काढून घेतला. ती मी एकदाच बघितली, पुन्हा बघवत नाही.

आणि सगळ्यात शेवटी यूएफसी १९८ हा इव्हेंट ठेवा. १४ मे २०१६, कुरितिबाचंच फुटबॉल स्टेडियम, ४५ हजारांवर माणसं. अँडरसन ऐनवेळी ऑपरेशनमुळे नाही उतरला याची हळहळ वाटतेच, पण सायबॉर्ग घरच्या लोकांसमोर ८१ सेकंदांत जिंकते, शोगुन कसाबसा स्प्लिटवर जिंकतो, आणि तो जो आवाज येतो ना स्टेडियममधून, तो हेडफोन लावून ऐका. माझ्याकडून ५ पैकी ५. या आठवड्यात रिन्यू केलंय, आता निन्जाच्या राहिलेल्या मॅचेस लावतोय.