आयकर विवरणपत्र: स्वतः भरावे, खासगी संकेतस्थळावरून भरावे की सी.ए.कडे द्यावे?

गेली सात वर्षे मी माझे आणि आईचे आयकर विवरणपत्र घरी बसून भरत आलो आहे, धाकट्या भावाचे विवरणपत्र सी.ए.कडे जाते, आणि मध्ये एक वर्ष वेळ कमी होता म्हणून माझे विवरणपत्र मी एका खासगी संकेतस्थळावरूनही भरून पाहिले. जून उजाडला की कार्यालयात कोणी ना कोणी विचारतेच की यांपैकी कोणता मार्ग धरावा. विचारणारा बहुधा आपला पगार सांगून उत्तराची वाट पाहतो. परंतु हा निर्णय पगाराच्या आकड्यावर नव्हे, तर उत्पन्न किती प्रकारांचे आहे यावर घ्यावा, असे माझे मत झाले आहे. पुढे दिलेले आकडे आर्थिक वर्ष २०२४-२५ चे, म्हणजे करनिर्धारण वर्ष २०२५-२६ चे आहेत. त्यानंतरच्या वर्षासाठी नव्या करप्रणालीचे, म्हणजे कमी दर पण मोजक्याच वजावटी असलेल्या पर्यायाचे, टप्पे आणि सवलत बदललेली आहे, हे लक्षात ठेवून ते वाचावेत.

कोणताही मार्ग धरला तरी घरीच करावे लागणारे काम

विवरणपत्र भरताना जो वैताग येतो तो बेरीज-वजाबाकीचा नसतो, कारण ती संगणक करतो. वैताग असतो तो जुळवणीचा. कंपनीने दिलेला पगाराचा व कापलेल्या कराचा दाखला, म्हणजे फॉर्म १६, टीडीएस (आधीच कापून घेतलेला कर) दाखवणारा फॉर्म २६एएस, नोव्हेंबर २०२१ पासून मिळू लागलेले वार्षिक माहिती विवरण, म्हणजेच एआयएस, आणि घरातली पासबुके या चार ठिकाणचे आकडे एकमेकांशी जुळले पाहिजेत, आणि पहिल्या बैठकीत ते सहसा जुळत नाहीत. एआयएसमध्ये बचत खात्याचे व्याज, लाभांश, शेअर आणि म्युच्युअल फंडांची विक्री असे बरेच काही आधीच आलेले असते, त्यामुळे तेथे दिसते तेवढेच आपले उत्पन्न, असा समज सहज होतो.

आपल्याकडे हा समज सर्वात आधी पतसंस्थेच्या ठेवींपाशी फसतो. सभासदांना दिलेल्या व्याजातून कर कापण्याचे बंधन लहान पतसंस्थांवर नाही. साहजिकच ते व्याज फॉर्म २६एएसमध्ये येत नाही आणि एआयएसमध्येही ते सापडेलच असे नाही. तरीही ते पूर्णपणे करपात्र असते. आईच्या नावावर गावच्या पतसंस्थेत दोन मुदत ठेवी आहेत, आणि त्यांच्या व्याजासाठी मला दर एप्रिलमध्ये पतसंस्थेच्या खिडकीवर जाऊन शिक्का मारलेला व्याजाचा दाखला आणावा लागतो. हा दाखला खासगी संकेतस्थळाला ओढून घेता येत नाही, आणि आपण सांगितल्याशिवाय सी.ए.लाही त्याचा पत्ता लागत नाही. म्हणजे कागद गोळा करण्याचे काम कोणाला पैसे देऊनही टळत नाही, आणि तिन्ही मार्गांची तुलना त्यापुढच्या टप्प्यापासून सुरू करावी लागते.

स्वतः, विभागाच्या संकेतस्थळावर

खर्च शून्य. एकूण उत्पन्न ५० लाख रुपयांपर्यंत असलेल्या, पगार किंवा निवृत्तिवेतन, एक घर आणि व्याज एवढेच उत्पन्न असणाऱ्या निवासी व्यक्तीला आयटीआर-१, म्हणजे 'सहज', हा फॉर्म पुरतो. करनिर्धारण वर्ष २०२५-२६ पासून सूचिबद्ध शेअर आणि समभाग फंडांवरील सव्वा लाख रुपयांपर्यंतचा दीर्घकालीन नफाही याच फॉर्ममध्ये दाखवता येऊ लागला, ही लहान गुंतवणूकदारांसाठी मोठी सोय झाली. बरीचशी माहिती आधीच भरलेली येते. सर्व कागद हाताशी असतील तर एका संध्याकाळचे काम आहे.

असे असूनही ती संध्याकाळ अनेकांची बिघडते. मोबाइलवर येणारे ओटीपी, पासबुक शोधायला उठले की मध्येच बंद होणारे सत्र आणि आर्थिक वर्ष व करनिर्धारण वर्ष यांतला गोंधळ ही नेहमीची कारणे. २०२४-२५ मध्ये कमावलेल्या उत्पन्नावरचा कर भरताना चलनात करनिर्धारण वर्ष २०२५-२६ निवडावे लागते, आणि घाईत तेथे २०२४-२५ निवडले गेले की पैसे सरकारजमा होऊनही आपल्या विवरणपत्रात कर थकलेला दिसतो. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या आयकर कायद्यात ही दुहेरी भाषा काढून 'कर वर्ष' ही एकच संज्ञा आणली आहे. इतक्या वर्षांत एवढे एक जरी सुधारले असते तरी पुष्कळांचे रक्त आटले नसते.

यापेक्षा गंभीर चुका मात्र न कळण्यातून होतात. त्यांपैकी एक मी स्वतः केली. आईला वडिलांच्या पश्चात कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. नावात 'निवृत्तिवेतन' आहे म्हणून पहिल्या वर्षी मी ती रक्कम पगाराच्या शीर्षाखाली दाखवली आणि पगारातून सरसकट मिळणारी प्रमाणित वजावट घेऊन मोकळा झालो. प्रत्यक्षात कुटुंब निवृत्तिवेतन 'इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न' ठरते आणि त्यातून एकतृतीयांश रक्कम किंवा ठरलेली मर्यादा, यांपैकी जे कमी असेल तेवढेच वजा होते. ही मर्यादा आता नव्या प्रणालीत २५,००० आणि जुन्या प्रणालीत १५,००० रुपये आहे. फॉर्मने मला अडवले नाही, कारण लिहिलेला आकडा कोणत्या शीर्षाचा आहे हे फॉर्मला कळत नाही. सुधारित विवरणपत्र भरून मी ती चूक निस्तरली.

दुसरी चूक वर्षाच्या मध्यात नोकरी बदलणाऱ्यांची. समजा, नव्या प्रणालीत असलेल्या माणसाला सहा महिने एका कंपनीत पाच लाख आणि पुढचे सहा महिने दुसऱ्या कंपनीत पाच लाख पगार मिळाला, आणि आधीच्या पगाराची माहिती दुसऱ्या कंपनीला दिली नाही. पहिली कंपनी वर्षाचे दहा लाख धरून निम्मा कर, म्हणजे २२,१०० रुपये, कापते. दुसरी कंपनी तिच्याकडचे पाच लाखच पाहते, त्यातून ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट देते आणि उरलेल्या सव्वाचार लाखांवर सवलतीमुळे काहीच कापत नाही. विवरणपत्रात दोन्ही फॉर्म १६ एकत्र आले की करपात्र उत्पन्न ९ लाख २५ हजार होते, उपकरासह कर ४४,२०० रुपये येतो, आणि तोपर्यंत निर्धास्त असलेल्या माणसाला २२,१०० रुपये आणि वर व्याज भरावे लागते. ही थकबाकी दाखवणारा पडदा पाहून अनेकांना वाटते की आपणच कुठेतरी चुकीचे बटण दाबले. तसे नसते, तो कर खरोखरच देणे असतो आणि सी.ए.कडे गेले तरी तो तेवढाच निघतो.

जाता जाता एक लहान गोष्ट. महाराष्ट्रातील पगारदारांच्या फॉर्म १६ मध्ये व्यवसाय कराचे २,५०० रुपये दिसतात. त्यांची वजावट जुन्या प्रणालीतच मिळते. नवी प्रणाली घेतलेल्यांनी 'माझे अडीच हजार कुठे गेले' म्हणून फॉर्म उलटसुलट करत बसू नये.

खासगी संकेतस्थळ

फॉर्म १६ ची पीडीएफ चढवली की आकडे आपोआप आपापल्या जागी बसतात, जुन्या आणि नव्या प्रणालीतला कर शेजारी शेजारी दिसतो आणि प्रश्न सोप्या शब्दांत विचारले जातात. शेअर दलालाचे खाते जोडता येत असेल तर भांडवली नफ्याचा तक्ताही तयार होतो. आर्थिक वर्ष २०२४-२५ मध्ये हा तक्ता विशेष किचकट होता, कारण २३ जुलै २०२४ पासून शेअरवरील दीर्घकालीन नफ्याचा दर १० टक्क्यांवरून १२.५ टक्के आणि अल्पकालीन नफ्याचा दर १५ वरून २० टक्के झाला, आणि त्या तारखेच्या आधीची व नंतरची विक्री वेगळी दाखवावी लागली. पन्नास-साठ व्यवहार असलेल्या माणसाला ही विभागणी आयती मिळाली तर त्यासाठी मोजलेले पैसे वसूल होतात.

माझ्या बाबतीत मात्र तसे झाले नाही. पहिल्या पानावर विनामूल्य म्हणून सुरू झालेले काम, एका फंडाची विक्री नोंदवताच सशुल्क योजनेत गेले, आणि तोपर्यंत तासभर खर्ची पडलेला असल्यामुळे मी निमूटपणे पैसे भरले. पगाराची, बँकेची आणि गुंतवणुकीची सगळी माहिती एका तिऱ्हाइताकडे गेली, ती वेगळीच. पुढचे कित्येक महिने कर्जाच्या आणि विम्याच्या जाहिराती येत राहिल्या. त्या जाहिरातींचा याच्याशी संबंध असेलच असे मी ठामपणे म्हणणार नाही. शिवाय शेवटी विवरणपत्र विभागाकडेच जाते आणि ई-पडताळणी आपल्यालाच करावी लागते. ज्याचा फॉर्म 'सहज' आहे त्याला या मार्गाने विशेष काही मिळत नाही. दीर्घकालीन नफ्याचा शेअरनिहाय तपशील सीएसव्ही फाइलने चढवण्याची सोय विभागाच्या संकेतस्थळावरही आहे, आणि दलालाकडून मिळणारा वर्षअखेरचा नफा-तोटा अहवाल हाताशी असेल तर दुसऱ्या वर्षापासून आयटीआर-२, म्हणजे भांडवली नफा असलेल्यांचा फॉर्म, स्वतः भरणे अवघड जात नाही.

सी.ए. किंवा कर सल्लागार

चांगला सल्लागार फॉर्म भरण्यापेक्षा पुढच्या गोष्टींसाठी उपयोगी पडतो. विवरणपत्र सदोष असल्याची नोटीस आली तर उत्तराला साधारणपणे १५ दिवस मिळतात, आणि त्या नोटिशीची भाषा पहिल्यांदा वाचणाऱ्याला घाम फुटतो. ज्याने अशा शेकडो नोटिशी पाहिल्या आहेत त्याला ते दहा मिनिटांचे काम असते. माझा भाऊ दंतवैद्य आहे आणि कलम ४४एडीए खाली जमा रकमेच्या निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवतो. त्याने जुनी करप्रणाली घ्यायची ठरवली तर मुदतीच्या आत फॉर्म १०-आयईए वेगळा भरावा लागतो, जो पगारदाराला लागत नाही. तो राहिला तर जुनी प्रणाली त्या वर्षापुरती हातची जाते. असे बारकावे ध्यानात ठेवण्यासाठी माणूस नेमणे योग्यच आहे. वायदे व्यवहार करणारे, परदेशात मालमत्ता किंवा शेअर असलेले, जमीन अथवा सदनिका विकलेले, आणि परदेशी राहून इकडे भाड्याचे उत्पन्न असलेले, या सर्वांनी प्रयोग करत बसू नये.

कायद्याचा अर्थ आणि संगणक प्रणाली यांचे पटत नाही, तेव्हाही जाणकाराची गरज लागते. ५ जुलै २०२४ रोजी विवरणपत्राच्या प्रणालीत बदल झाला आणि अल्पकालीन भांडवली नफ्यावर कलम ८७ए ची, म्हणजे कमी उत्पन्न असलेल्यांचा कर माफ करणारी, सवलत मागण्याची सोयच राहिली नाही. हे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि निवासी व्यक्तींसाठी विलंबित व सुधारित विवरणपत्राची मुदत १५ जानेवारी २०२५ पर्यंत वाढवली गेली. घरी बसून विवरणपत्र भरणाऱ्या बहुतेकांना यातले काही कळलेही नसेल. पडद्यावर जो कर दिसला तो त्यांनी भरला.

मात्र सल्लागार आणि 'रिफंड काढून देणारा' यांत फरक करावा. न दिलेल्या देणग्या आणि न घेतलेली कर्जे दाखवून रिफंड मिळवून देणाऱ्या मध्यस्थांवर विभागाने जुलै २०२५ मध्ये देशभर मोठी कारवाई केली. उत्पन्नाची चुकीची माहिती दिल्यास टाळलेल्या कराच्या २०० टक्के दंड होऊ शकतो, आणि तो भरावा लागतो विवरणपत्र ज्याच्या नावाचे आहे त्याला. रिफंडाच्या टक्केवारीवर शुल्क मागणाऱ्याच्या दारातून मागे फिरावे.

निवड करताना

पगार किंवा निवृत्तिवेतन आणि व्याज एवढेच असेल तर स्वतः भरावे. जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत मात्र थांबू नये. मुदत उलटली की साधारणपणे ५,००० रुपये, आणि पाच लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला १,००० रुपये विलंब शुल्क लागते. त्याहून मोठा तोटा असा की मुदतीनंतर जुनी करप्रणाली निवडता येत नाही, आणि गृहकर्ज व विमा असलेल्या माणसाला हा तोटा शुल्काच्या कित्येक पट महाग पडू शकतो. मोजके शेअर-फंड असतील तर पहिल्या वर्षी सल्लागाराकडून भरून घ्यावे, त्याच्याकडून संपूर्ण विवरणपत्राची प्रत मागावी, नुसती पोचपावती घेऊन परत येऊ नये, आणि पुढच्या वर्षी तीच प्रत शेजारी ठेवून स्वतः बसावे. मी शिकलो तो याच पद्धतीने. व्यवसाय, वायदे व्यवहार, घरविक्री किंवा परदेशी मालमत्ता असेल तर सी.ए.

कोणाकडेही काम दिले तरी संकेतस्थळावरील आपल्या खात्याला आपलाच मोबाइल क्रमांक आणि आपलाच ई-मेल जोडलेला आहे ना, हे आधी पाहावे, कारण सोयीसाठी आपला क्रमांक टाकून ठेवणारे सल्लागार कमी नाहीत. भावाच्या बाबतीत तेच झाले. त्याच्या पहिल्या सल्लागाराने व्यवसाय बंद केला, आणि त्या वर्षीचे विवरणपत्र भरल्यानंतर ३० दिवसांच्या आत करायच्या ई-पडताळणीचा स्मरणसंदेश ज्या क्रमांकावर गेला, तो फोन तोपर्यंत कोणी उचलतही नव्हते.